बाहेर तेलाचा थेंब नाही, तरी गिअर खाली येतो: सिलिंडर उघडण्याआधी काय तपासायचं

विमानाच्या गिअरचा, म्हणजे वर-खाली होणाऱ्या चाकांचा, डावा सिलिंडर आत्ता उघडू नका आणि नवा मागवूही नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून तो दोषी ठरत नाही.

तुमचा प्रश्न इतरांना कळावा म्हणून थोडक्यात: सोलापुरात चिंचोळी एमआयडीसीतल्या शेडमध्ये दोन आसनी किट विमान जॅकवर आहे. गिअर हायड्रॉलिक, दोन्ही दिशांना फिरणाऱ्या मोटरचा बारा व्होल्टचा पॉवर पॅक (मोटर, पंप आणि तेलाची टाकी म्हणजे रिझर्व्हायर एकत्र), अॅक्युम्युलेटर (दाब साठवणारी टाकी) नाही, वरचं लॉक नाही. वर घेतलेला गिअर फक्त तेलाच्या दाबावर टिकतो. गिअर वर ठेवला की दर दोन-अडीच मिनिटांनी पंप क्षणभर चालतो. पंपाचा ब्रेकर (वीज तोडणारं बटण) ओढून रात्रभर ठेवलं तर सकाळी डावं चाक वीतभर खाली आलेलं असतं. बाहेर कुठेही तेल दिसत नाही. शिवाय पंपाशिवाय गिअर उतरवण्याचा इमर्जन्सी नॉब ओढल्यावर गिअर फार सावकाश उतरतो आणि पुढचं चाक लॉकपर्यंत पोचत नाही. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं काम करणारे मिस्त्री म्हणतात, डाव्या सिलिंडरचं सील गेलं.

मिस्त्रींचा अंदाज ट्रॅक्टरवर बरोबर ठरला असता, कारण तिथे एका व्हॉल्व्हमागे बहुधा एकच काम असतं. तुमच्या विमानात तिन्ही सिलिंडरची 'अप' बाजू एकाच लाइनला जोडलेली आहे. त्या लाइनमधून तेल कुठूनही निसटलं, तरी सगळ्यात आधी तेच चाक खाली येतं ज्याचं वजन तेलावर जास्त दाब टाकतं किंवा ज्याचा पिव्हट सगळ्यात मोकळा आहे. गळती उजव्या सिलिंडरमध्ये असली तरी खाली डावं चाक येऊ शकतं. खात्री करायची असेल तर आज रात्री उजव्या चाकाला दोन-तीन किलोचं वजन बांधून ठेवा. सकाळी उजवं चाक खाली आलेलं असलं, तर 'कुठलं चाक उतरलं' यावरून सिलिंडरचा दोष ठरत नाही, हे मिस्त्रींनाही पटेल.

बाहेर थेंब नाही याचा अर्थ तेल आतल्या आत 'अप' बाजूकडून 'डाउन' बाजूला किंवा रिझर्व्हायरमध्ये जातंय. त्याला तीनच वाटा आहेत: एखाद्या सिलिंडरच्या पिस्टनचं सील, नॉबच्या केबलने उघडणारा, दाब सोडून देणारा इमर्जन्सीचा डम्प व्हॉल्व्ह आणि तेल एकाच दिशेला जाऊ देणारा पॅकमधला चेक व्हॉल्व्ह. तुमच्या दोन तक्रारी एकत्र वाचल्या की यातल्या एकाकडे बोट जातं. पिस्टनचं सील गळत असेल तर गिअर टिकणार नाही हे खरं, पण त्यामुळे इमर्जन्सीत तो सावकाश उतरणार नाही. उलट तेलाला एक जास्तीची वाट मिळते. डम्प व्हॉल्व्हची केबल चुकीची लागली असेल तर मात्र दोन्ही होतं. नॉब आत असताना व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि ओढल्यावर पुरता उघडत नाही. म्हणून सुरुवात तिथून करा, दहा मिनिटांचं काम आहे.

पण त्याआधी सुरक्षा. विमान जॅकवर असेल तर शेपटीला वजन किंवा बांध हवा, ब्रेकर ओढलेला हवा आणि गिअरच्या वाटेत कुणाचं डोकं, हात किंवा हत्यार नको. लाइन सोडण्याआधी दाब उतरवा. गळती शोधताना बोट फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. हजार पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाची बारीक धार कातडीखाली तेल घुसवते. अशी जखम वरून टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण तिच्यासाठी तातडीने दवाखाना गाठावा लागतो.

आता केबल. व्हॉल्व्हच्या लिव्हरवरून केबलचं टोक सोडा. लिव्हर हाताने 'बंद' बाजूच्या स्टॉपला टेकवा आणि खूण करा. मग 'उघड' बाजूला टेकवून दुसरी खूण करा. केबल परत लावून नॉब पूर्ण आत-बाहेर करा आणि लिव्हर दोन्ही खुणांना पोचतो का ते पाहा. नियम असा की आधी व्हॉल्व्हचा लिव्हर त्याच्या स्टॉपला टेकला पाहिजे, आणि त्या वेळी नॉब पॅनेलपासून २-३ मिमी बाहेर असला पाहिजे. नॉबच आधी पॅनेलला टेकत असेल तर आत व्हॉल्व्ह पुरता मिटलाय की नाही हे कळायला मार्ग राहत नाही. बाह्य आवरणाचा क्लॅम्प सैल पडून आवरण सरकणं हा नेहमीचा दोष आहे. एकाने नॉब ओढायचा आणि दुसऱ्याने क्लॅम्पकडे बघायचं, लगेच दिसतं.

केबल ठीक निघाली तर मोजमाप करा. अप लाइनमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून गेज लावा. आपल्याकडे मिळणारी बरीच गेज किलो प्रति चौरस सेंटिमीटरची असतात. १००० पीएसआय म्हणजे साधारण ७०. पंप थांबल्यावर ब्रेकर ओढा आणि दर मिनिटाला दाब लिहून ठेवा.

किती गळती शोधायची आहे, हेही आधी काढून ठेवू. समजा अप बाजूला एकूण २०० मिली तेल आहे आणि पंप चालवणारा तुमचा प्रेशर स्विच ५०० पीएसआयच्या फरकाने बंद-चालू होतो. तेल जवळजवळ दबतच नाही. त्यामुळे एवढा दाब पडायला अर्धा ते पाऊण मिली तेल निसटलं तरी पुरे, म्हणजे दहा-पंधरा थेंब. अडीच मिनिटांत तेवढं, म्हणजे मिनिटाला चार-सहा थेंब. दोषी जागी तुम्हाला एवढंच दिसणार आहे, धार दिसणार नाही. दहा मिनिटांत एखादा थेंब आला तर त्यावरून सिलिंडर खोलायचा नाही.

एकेका सिलिंडरची चाचणी अशी: गिअर वर, पंपाने पूर्ण दाब दिलेला, ब्रेकर ओढलेला. एका सिलिंडरची फक्त 'डाउन' बाजूची लाइन सोडा. अप बाजूला चुकूनही हात लावू नका, गिअर धाडकन खाली येईल. लाइनच्या टोकाला लगेच बूच लावा, नाहीतर पॅक उंचावर असल्यास रिझर्व्हायर तिथून रिकामा होतो आणि तुम्ही ते तेल सीलमधून आलंय असं समजता. सिलिंडरचं पोर्ट उघडंच ठेवून खाली पारदर्शक झाकण धरा. सुरुवातीचे काही थेंब पोर्टमध्येच उरलेले असतात. पाच मिनिटांनी पोर्ट कोरडं असेल तर तो सिलिंडर निर्दोष. ठराविक अंतराने थेंब येतच राहिले तर त्याचंच पिस्टन सील गळतंय. तिन्ही सिलिंडर तपासा, एक सापडला म्हणून थांबू नका.

तिन्ही कोरडे निघाले तर गिअर खाली घेऊन, दाब शून्य करून, डम्प व्हॉल्व्ह लाइनमधून काढा, दोन्ही टोकांना बुचं लावा आणि गिअर पुन्हा वर घ्या. या चाचणीत इमर्जन्सी उपलब्ध नसते, म्हणून ती फक्त जॅकवर. दाब टिकला तर व्हॉल्व्ह दोषी, नाही टिकला तर पॅकमधला चेक व्हॉल्व्ह. पॅक सगळ्यात शेवटी उघडायचा, कारण तो परत नीट बसवणं सगळ्यात किचकट.

व्हॉल्व्ह किंवा पॅक दोषी निघाला तर आत बहुतेक वेळा झिजलेला भाग नसतो, सीटवर बसलेला कचरा असतो. आणि सोलापुरात हा कचरा कशाचा असतो, यावर जरा थांबतो. इथे सुताचं वेस्ट, चादरींच्या चिंध्या, टॉवेलचे तुकडे हाताशी भरपूर, म्हणून प्रत्येक गॅरेजमध्ये पुसायला तेच वापरतात. टेरी टॉवेलचा एक धागा चेक व्हॉल्व्हच्या सीटवर आडवा पडला की मिनिटाला पाच थेंब सहज जातात. उघड्या पोर्टजवळ टॉवेल आणि वेस्ट अजिबात नको. तंतू न सोडणारं कापड, त्याच जातीच्या तेलात भिजवून वापरा. दुसरा कचरा टेफ्लॉन टेपचा. फ्लेअर जोडाच्या, म्हणजे तोंड शंकूसारखं फुलवलेल्या पाइपच्या जोडाच्या, आट्यांवर टेप लावायची नसते, कारण तिथे सील कोनावर होतं, आट्यांवर नाही. टेपचं फाटकं टोक आत जातं आणि रिस्ट्रिक्टरमध्ये (प्रवाह कमी करणाऱ्या बारीक छिद्रात) अडकतं. फ्लेअरचा कोनही पाहा: विमानाचा ३७ अंशांचा, गाड्यांच्या ब्रेक पाइपचा आणि एसीवाल्यांचा ४५ अंशांचा. ४५ चा पाइप ३७ च्या फिटिंगवर आवळला तर आज बसल्यासारखा वाटेल, पुढे गळेल किंवा तडकेल.

तापमानाचं गणित लक्षात घेतलं नाही तर तुम्ही चांगलं सील बदलत बसाल. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी ४२ अंश, पहाटे २६. तेल दर अंशाला जवळजवळ ०.०७ टक्के आकसतं. २०० मिली तेल १६ अंशांनी थंड झालं की सव्वादोन मिली कमी होतं. एक इंच बोअर आणि अर्धा इंच रॉडच्या सिलिंडरमध्ये अप दाब रॉडच्या बाजूला असेल आणि ही सगळी घट एकाच सिलिंडरने भरून काढली, तर रॉड सुमारे ६ मिमी सरकतो. म्हणजे सगळी सीलं उत्तम असली तरी सकाळी गेज शून्याजवळ आणि चाक थोडं खाली दिसणारच. वीतभर मात्र नाही; तुमच्याकडे खरी गळती आहे. दाबाची चाचणी सकाळी लवकर, तापमान स्थिर असताना, अर्ध्या तासात आटपा. पुढे उड्डाणाच्या वेळीही हे आठवा: चढताना दर हजार फुटांना हवा साधारण दोन अंशांनी थंड होते, त्यामुळे चढाईत पंप अधूनमधून चालणं स्वाभाविक. एकाच उंचीवर, सारख्या अंतराने चालला तर ती गळती.

सिलिंडर खोलावाच लागला तर जुनी ओ-रिंग फेकण्याआधी नीट बघा. एका बाजूने सपाट आणि कडक झाली असेल तर उष्णतेने वय झालं. कडेने कुरतडल्यासारखी असेल तर बॅकअप रिंग (ओ-रिंगला आधार देणारी कडक रिंग) नाही, किंवा चुकीच्या बाजूला आहे. ती दाबाच्या विरुद्ध बाजूला हवी, आणि पिस्टनवर दाब दोन्हीकडून येतो म्हणून दोन्हीकडे. पीळ पडला असेल तर कोरडी बसवली होती. फुगून मऊ झाली असेल तर तेल चुकीचं. साखर कारखाने, ट्रॅक्टर आणि जेसीबीमुळे सोलापुरात सीलची दुकानं चांगली आहेत, पण तिथली 'जवळपास तीच' रिंग घेऊ नका. उदाहरणार्थ २१० नंबरची इंची रिंग १८.६४ मिमी आतून आणि ३.५३ मिमी जाड. तिच्याऐवजी मिळणारी १८ × ३.५ ताणून बसते, ताणल्याने आणखी बारीक होते आणि पकड कमी होते. किटच्या यादीतला नंबर आणि रबराचा प्रकार, दोन्ही जुळले पाहिजेत.

तेलाबद्दल तुम्ही फक्त 'लाल आहे' एवढंच लिहिलंय. तेवढ्यावरून काही कळत नाही. विमानाच्या हायड्रॉलिकचं ५६०६ लाल, ८३२८२ लाल, गाड्यांचं एटीएफही (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लाल. पहिली दोन एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही नायट्राइल रबराला चालतात. ट्रॅक्टरचं ६८ ग्रेडचं तेल ४० अंशांना ५६०६ च्या सुमारे पाचपट घट्ट असतं. ते कुणी भरलं असेल तर तुमचा गिअर सावकाश उतरायला तेही कारण पुरेसं आहे, आणि डिसेंबरच्या सकाळी आणखी वाईट होईल. ब्रेक ऑइल तर कधीच नाही, ते नायट्राइल फुगवतं. काय भरलंय याची खात्री नसेल तर सगळं काढा, किटच्या पुस्तकातलं तेल सीलबंद डब्यातून भरा आणि दहाएक वेळा गिअर वर-खाली करून हवा काढा. प्रत्येक दोन फेऱ्यांनंतर मोटर हाताला गार लागेपर्यंत थांबा. पातळी पुस्तकात सांगितलेल्या गिअरच्या स्थितीतच बघा: अर्ध्या इंचाचा रॉड आठ इंच आत-बाहेर झाला की एका सिलिंडरमागे सुमारे २६ मिली फरक पडतो, तिघांचे ७७.

राहिलं पुढचं चाक. केबल आणि तेल ठीक करूनही ते लॉक होत नसेल तर सिलिंडरची रॉड-पिन काढून चाक हाताने हलवा. पिव्हटमध्ये कुठे जड जातंय ते लगेच कळतं; काळ्या मातीची धूळ ग्रीसमध्ये मिसळली की तिथे वाळूच्या कागदासारखी घासते. मग चाक उतरायला मदत करणारा गॅस स्ट्रट (गॅस भरलेला स्प्रिंगसारखा दांडा) काढून वजनकाट्यावर उभा दाबा आणि आकडा स्ट्रटवर छापलेल्या बळाशी ताडा. १०० न्यूटन म्हणजे काट्यावर १०.२ किलो. तुमच्या किटमध्ये पुढचं चाक उतरताना वाऱ्याच्या विरुद्ध पुढे येत असेल, तर जॅकवर ते नुसतं लॉक होणं पुरेसं नाही. स्प्रिंग काट्याने मागे ओढून धरा आणि पुस्तकात दिलेल्या ओढीविरुद्धही लॉक होतं का ते पाहा. सलग पाच वेळा, पंप बंद ठेवून, तिन्ही हिरवे दिवे लागेपर्यंत हे पास झाल्याशिवाय विमान जॅकवरून उतरवू नका.

केबल तपासून झाल्यावर गेजचे मिनिटामिनिटाचे आकडे, तिन्ही पोर्टचे थेंब आणि शेडमधलं तापमान इथेच लिहा. त्यावरून पॅक उघडायचा की नाही ते सांगता येईल.