भिंतीवरचा फोटो परत लावा

प्रश्न: मुलगी दापोलीला बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ७४ टक्के आहेत. घरात सगळे सरकारी अधिकारी, तिनेही एमपीएससी करावी. ती मात्र चॉकलेटच्या झाडाच्या एका रोगावर आयुष्य काढणार म्हणते. घानातल्या रोगट कोकोच्या पानाचा फोटो खोलीत लावला होता, तो मी काढायला लावला. औषध सापडलं की विषय संपला, मग पुढे काय?
– एक वडील, रत्नागिरी

उत्तर: टक्क्यांची मला काळजी नाही. त्या फोटोची आहे. बावीस वर्षांची मुलगी आपल्या खोलीत काय लावते, हेही तुम्ही ठरवता? सबंध पत्रात तिचं एकच वाक्य आहे, तेही तुमच्या तोंडून. घरात सगळे अधिकारी असणं हे तुमचं भाग्य; त्याचा बोजा तिच्या डोक्यावर कशाला? मनात नसताना एमपीएससीला बसवलेली मुलं मी दर वर्षी पाहतो. चार-पाच वर्षं जातात आणि आईवडिलांशी बोलणंही तुटतं.

आता 'औषध सापडलं की संपलं' याबद्दल. हा कोकोचा रोग विषाणूचा आहे. सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो हे बुरशीनाशक मारतो तशी विषाणूवर फवारणी नसते. कोकोच्या फांद्या फुगवणारा हा रोग घानात १९३६ साली नोंदला गेला आणि १९४६ पासून तिथे वीस कोटींहून जास्त झाडं तोडावी लागली. सक्तीच्या तोडीवरून शेतकरी असे पेटले की १९४८ च्या राजधानी अक्रातल्या दंगलींमागे तोही एक राग होता. कोको मूळचा ॲमेझॉनकडचा. विषाणू आफ्रिकेतल्या रानझाडांतला, पिठ्या ढेकणाने तो कोकोत आणला. आणि तो एक नाहीच. पूर्वी एकाच विषाणूचे प्रकार समजत. जनुकं वाचल्यावर वेगवेगळ्या जाती निघाल्या. एखादा प्रकार झाड दोन-तीन वर्षांत मारतो, एखाद्यात फांदी फुगतही नाही. कोवळ्या पानात शिरांलगत लाल पट्टे उमटतात, पान जून झालं की मावळतात. तुम्ही उतरवलात तो फोटो बहुधा त्याच थोड्या दिवसांतला असेल. लागण झाल्यावर लक्षण दिसायला कित्येक महिने जातात, तोवर शेजारचं झाड निरोगीच वाटतं. एका जातीसाठी केलेली चाचणी दुसरीला पकडेलच असं नाही. म्हणून इतक्या वर्षांनंतरही माणसं यावर काम करताहेत.

तिलाही एक सांगा: कोकोवरच अडून बसू नको. केळीचा स्ट्रीक विषाणू कोकोच्या या विषाणूंच्याच गटातला, म्हणजे बॅडना गटातला, आणि केळी आपल्याकडे ढीगभर. प्रयोगशाळेतला हात तिथे बसव, घाना पुढे आहेच. वनस्पती रोगशास्त्रात एमएस्सीसाठी राज्याची सीईटी किंवा आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) प्रवेश परीक्षा, मग प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा. ही वाट तिला ठाऊक असणारच.

तो फोटो आज तुमच्या हाताने परत लावा. मग ते लाल पट्टे कशाचे, हे तिलाच विचारा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.