वाचकांचे प्रश्न : कोरा सर्किट बोर्ड निवडताना

प्रश्न : इथल्या महाराणी रोडवर तपकिरी आणि फिकट हिरवट असे दोन प्रकारचे कोरे कॉपर बोर्ड (सर्किट बनवण्यासाठीचे, तांब्याचा पातळ थर असलेले) मिळतात. घरगुती प्रयोगांसाठी कोणता घ्यावा आणि तो कसा कापावा?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : तपकिरी बोर्ड फिनॉलिक रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या एका कृत्रिम राळेत) भिजवलेल्या कागदाचा असतो. तो स्वस्त असून त्याला भोके सहज पडतात. मात्र एकाच जागी वारंवार डाख दिल्यास तांबे सुटू लागते. हिरवट बोर्ड, म्हणजे एफआर-४, काचतंतू आणि इपॉक्सी या दुसऱ्या रेझिनचा असतो, आणि सुटे भाग बदलत राहण्याची सवय असलेल्या हौशी माणसाने थोडे जास्त पैसे देऊन तोच घ्यावा, असे आमचे मत आहे. बोर्डाची १.६ मिलिमीटर जाडी आणि तांब्याचा ३५ मायक्रॉनचा थर बहुतेक कामांना पुरते.

कापण्यासाठी पोलादी पट्टी घट्ट धरून दोन्ही बाजूंना, अगदी समोरासमोर, धारदार सुरीने अनेकदा रेघ ओढून चर पाडावा आणि तो टेबलाच्या काठावर ठेवून बोर्ड एका झटक्यात मोडावा. कड नंतर कानशीने घासावी. एफआर-४ ला करवत लावल्यास काचेची बारीक धूळ उडते, म्हणून मास्क लावावा आणि ती धूळ फुंकून न उडवता ओल्या फडक्याने टिपावी. साधी ड्रिल बिटेही या बोर्डावर लवकर बोथट होतात.