तुमचे कान शाबूत आहेत, काका

प्रश्न : नमस्कार सर. वडिलांच्या भजनी मंडळाच्या ३८ कॅसेटी आमच्या घरात आहेत, प्रत्येकी ६० मिनिटांच्या. मुलगा सुट्टीला आला की थोड्याथोड्या कॉम्प्युटरवर घेतो. त्याचं म्हणणं, सगळं फ्लॅक फाइलीतच ठेवायचं, त्यात आवाजातलं काही गाळलं जात नाही; दाबून लहान केलेल्या एमपीथ्रीत आवाज मरतो. त्यानं ब्लूटूथ हेडफोनवर मला दोन्ही ऐकवलं. त्याला फरक कळतो, मला काडीचाही कळला नाही. माझं वय ६१. माझे कान गेले का? आणि ठेवावं कशात?
– एक वाचक, गंगाखेड

उत्तर : काका, कानांची काळजी सोडा. मी लातूरला २२ वर्षं रेकॉर्डिंगचं काम करतोय. नीट केलेली ३२० केबीपीएसची (सेकंदाला ३२० किलोबिट; आकडा जितका मोठा, तितकी काटछाट कमी) एमपीथ्री आणि मूळ रेकॉर्डिंग यातला फरक मलाही ओळखता येत नाही.

मुलानं जे ऐकवलं त्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे, कोणती फाइल चालू आहे हे त्याला माहीत होतं. माहीत असलं की कान त्या बाजूनं झुकतात. माझंही तसंच होतं, यात त्याचा दोष नाही. त्यातून एक फाइल किंचित मोठ्या आवाजात वाजली, तरी तीच चांगली वाटते. दुसरी अडचण ब्लूटूथची. नेहमीचे ब्लूटूथ हेडफोन फोनकडून आवाज घेतात तोच पुन्हा दाबलेला असतो. फ्लॅक लावा नाहीतर एमपीथ्री, शेवटच्या टप्प्यावर दोन्हीची काटछाट होतेच. वायरचा हेडफोन घ्या आणि मग बोला.

मागच्या उन्हाळ्यात मी हे करून पाहिलं. माझ्याकडे पखवाज वाजवणारा एक मुलगा येतो, वय २३, कान तिखट. भजनाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा घेतला, टाळ आणि पखवाज एकदम सुरू होतात तो. त्याची १२८ ची आणि ३२० ची एमपीथ्री केली, दोन्ही परत मूळ स्वरूपात आणल्या, आवाजाची पातळी जुळवली. प्रत्येक वेळी नाणं उडवून मूळ किंवा एमपीथ्री वाजवायचं, त्यानं पाठमोरं बसून सांगायचं. १६ वेळा. नुसत्या अंदाजानं १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारहून कमी असते, म्हणून १२ ही रेघ धरली. १२८ ला त्यानं १५ बरोबर सांगितले. ३२० ला ९. म्हणजे तिथं त्याचा अंदाजच चालला होता, आणि त्याला मात्र खात्रीनं ओळखतोय असं वाटत होतं.

१२८ त्यानं कशावरून पकडलं? टाळावरून. टाळाचा ठोका कोरा असतो, आधी शांतता आणि मग एकदम झण्ण. एमपीथ्री आवाजाचे छोटे तुकडे पाडून काम करते, सीडीच्या दर्जाला एकेक चौकट २६ मिलिसेकंदांची. मोठ्या आवाजाखाली जे बारीक आवाज माणसाला ऐकू येत नाहीत, ते ती टाकून देते किंवा ढोबळ करून ठेवते. या ढोबळपणाची चूक तुकडाभर पसरते. ठोका तुकड्याच्या मध्येच आला की चूक ठोक्याच्या आधीच्या शांततेतही सांडते, आणि टाळाच्या आधी पुसटसं ‘फस्स’ ऐकू येतं. असं होऊ नये म्हणून ठोक्यापाशी तुकडे आणखी लहान करायची सोय तिच्यात आहे, पण १२८ मध्ये तेवढी जागा पुरत नाही. नुसती वीणा आणि गळा असता, तर त्या पोराला १२८ सुद्धा जड गेलं असतं.

वयाचं म्हणाल तर साठीनंतर बहुतेकांना १२ किलोहर्ट्झच्या वरचं, म्हणजे अगदी उंच पट्टीतलं, फारसं ऐकू येत नाही. पण जुन्या घरगुती कॅसेटीत त्याच्या वर मुळात असतंच किती?

तरीसुद्धा, ठेवायचं फ्लॅकमध्येच. इथं मी तुमच्या मुलाच्या बाजूचा आहे, फक्त माझं कारण वेगळं आहे.

२००९ मध्ये तुळजापूरजवळच्या एका गावात मी रात्रभर गोंधळ रेकॉर्ड केला. संबळ, तुणतुणं, झांज, आणि सत्तरीचे मुख्य गोंधळी. हार्ड डिस्क भरत आली होती. १२८ ची एमपीथ्री करून ऐकली, छान वाटली, आणि मूळ फाइली पुसून टाकल्या. नऊ वर्षांनी त्यांचा नातू आला. आजोबा गेले होते, त्याला तो आवाज स्वच्छ करून हवा होता. मी जनरेटरची घरघर काढायला घेतली, गळा वर आणण्यासाठी वरच्या पट्ट्या थोड्या उचलल्या, आणि झांज पाण्यात बुडवून वाजवल्यासारखी यायला लागली. मोठ्या आवाजाच्या आडोशाला झाकलेल्या चुका मी आडोसा हलवल्याबरोबर उघड्या पडल्या. एमपीथ्री ‘आहे तसंच ऐकणार’ असं धरून चालते. सफाई करायची, पट्ट्या हलवायच्या, पुन्हा दुसरी एमपीथ्री करायची म्हटलं की तिचा हिशेब मोडतो. त्या नातवाला मी जे दिलं ते मला आजही पुरेसं वाटत नाही.

फ्लॅक झिप फाइलसारखी असते. जागा वाचते, पण उघडली की मूळ आकडा न् आकडा परत मिळतो. तुमच्या ३८ तासांना मूळ स्वरूपात सुमारे २४ जीबी लागतील, फ्लॅकमध्ये १५ च्या आसपास, ३२० च्या एमपीथ्रीत साडेपाच. घरातलं भांडण दहा जीबीचं आहे! दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर फ्लॅकच्या प्रती ठेवा, एक तुमच्याकडे, एक मुलाकडे. रोज ऐकायला आणि मंडळींना वाटायला त्यांवरूनच एमपीथ्री करा. काही कॅसेटी आधीच थेट एमपीथ्रीत घेतल्या असतील तर त्यांचं फ्लॅक करू नका, गेलेलं त्यानं परत येत नाही. त्या पुन्हा वाजवून घ्या.

पण वाजवण्याआधी टेपचं हेड, म्हणजे कॅसेटची फीत ज्याला घासून जाते तो भाग, कापसानं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. हेडजवळ एक बारीक स्क्रू असतो, त्यानं हेडचा कोन बदलतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी किंचित फिरवा आणि टाळाकडे लक्ष द्या. एका जागी टाळ लख्ख होतो, तिथं थांबा. कॅसेटी वेगवेगळ्या टेपवर भरलेल्या असतील तर प्रत्येकीची ही जागा वेगळी असेल. कोन चुकला तर जे हरवतं ते फ्लॅक-एमपीथ्रीच्या फरकापेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि ते तुम्हालाही पहिल्याच ठोक्याला ऐकू येईल. हे काम मुलानं एकट्यानं करू नये. वडिलांचे टाळ तुम्ही समोर बसून ऐकलेत, स्क्रू कुठं थांबवायचा ते तुम्हीच सांगा. आणि कॅसेटीच्या कागदावर त्यांच्या हातचं जे लिहिलेलं आहे, अभंग, गाव, तारीख, त्याचेही फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.