सिगारच्या पेटीत भुंगेरे झालेत, कडुनिंबाचा पाला ठेवला तर जातील का?

तुम्ही लिहिलंय की पन्नासेक सिगार आहेत, त्यातल्या दोनांना टाचणीने पाडल्यासारखी भोकं दिसली, पेटीच्या तळाला तपकिरी भुकटी साचलीय, आणि सासरे म्हणतात की पाला टाका नाहीतर सगळं उकिरड्यावर फेका. पाल्याने काही होणार नाही. फेकूही नका. भोकं पडलेले दोन आजच घराबाहेर काढा, बाकीचे फ्रीजरमध्ये घाला. कसे घालायचे ते खाली सांगतो. पण त्याआधी स्वयंपाकघरात जा आणि धन्याचा डबा उघडून बघा.

हे धन्याचं मी उगाच म्हणत नाही. मी बावीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली. मनिला, लास पाल्मास, सांतो दोमिंगो, जिथे सिगार मिळायचे तिथे जहाज लागलं की पाच-दहा नग घ्यायचो. ओढतो महिन्याकाठी एखादाच, पण जपून ठेवायला आवडतात. प्रत्येकाला छोटी चिठ्ठी, तिच्यावर बंदराचं नाव आणि तारीख. नोकरी संपवून धुळ्याला आलो तेव्हा सिडारच्या लाकडाच्या तीन पेट्यांत १४० नग होते.

२०१९ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दादा गावाहून वर्षभराचं सामान घेऊन आला. वीस किलो मिरची, पाच किलो धने, हळकुंडं. घरात त्यातल्या त्यात गार खोली एकच, जिथे माझ्या पेट्या होत्या. पोती तिथेच ठेवली. जून सरता सरता मी पेटी उघडली आणि वरच्या थरातला सांतो दोमिंगोचा नग उचलला. बोटांत धरला तर दबला. आत नुसता भुसा. चिठ्ठी जशीच्या तशी, आणि तिच्याशेजारी गोल, स्वच्छ भोक. एकूण ३१ नग गेले.

पुढे आईच्या वर्षश्राद्धाला सगळी भाऊबंदकी जमली होती. तोवर वहिनीच्या धन्यातही भुंगेरे निघाले होते, आणि दादा पंगतीतच म्हणाला, "हाऊ किडा तुना चिरूटमाईनच उना." माझ्या व्यसनाने घरादाराचा मसाला नासला, असंच सगळ्यांनी धरलं. काकांनी मान डोलावली. ज्या विहिरीच्या पाण्यावर ते धने पिकले तिचं कर्ज मी जहाजावरून फेडलंय. त्या दिवशी मी जेवण सोडून उठलो नाही, पण घास गिळवत नव्हता.

आता किड्याचं ऐका. याचं शास्त्रीय नाव लासिओडर्मा सेरिकॉर्ने, इंग्रजीत टोबॅको बीटल, म्हणजे तंबाखूचा भुंगेरा. बाजरीच्या दाण्याएवढा, दोन ते तीन मिलिमीटर, रंग काकवीसारखा तांबूस. पांढऱ्या कागदावर ठेवून काडीने डिवचा, डोकं पोटाखाली घेतो, पाय आवळतो आणि मेल्याचं सोंग करून पडून राहतो. याला सोंड नसते, त्यामुळे गव्हातल्या सोंड्यांशी घोळ करू नका. याच्यासारखाच दिसणारा दुसरा एक भुंगेरा मसाल्यात होतो, पण भिंगातून बघितलं तर त्याच्या पाठीवर उभ्या रेघा दिसतात आणि मिशांच्या टोकाला गाठ असते. आपल्याची पाठ गुळगुळीत असते आणि मिशा करवतीच्या दात्यांसारख्या. खाण्याचं काम मुख्यतः पांढरट, केसाळ अळी करते. भुंगेरा बाहेर पडतो तो जोडी शोधायला आणि अंडी घालायला, आणि तुम्हाला दिसलेलं भोक त्या बाहेर पडण्याचं आहे. एक मादी शंभरापर्यंत अंडी घालते. ती डोळ्यांना दिसत नाहीत. तिशीच्या आसपास तापमान असलं की अंड्यापासून भुंगेरा व्हायला महिना-दीड महिना पुरतो, आणि आपल्याकडे मार्च ते जून खोलीत तिशीच्या खाली उतरतं कधी?

नावात तंबाखू आहे म्हणून लोक समजतात की हा तंबाखूतच जन्मतो. चूक. धने, हळद, सुंठ, लाल मिरची, वाळलेली फुलं, जुन्या पुस्तकाच्या बांधणीतली खळ, सगळं खातो. तुतनखामेनच्या थडग्यात हा किडा सापडलाय. तो राजा तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. तंबाखू अमेरिकेबाहेर पडली १४९२ नंतर. म्हणजे इजिप्तमधल्या या किड्याच्या हजारो पिढ्यांनी तंबाखूचं पानही न बघता पोट भरलं. हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, पुस्तकातलं सांगू नको.

म्हणून बरण्या मांडल्या. गावच्या कोठीतून, माझ्या घरात कधी न आलेले दोन मुठी धने घेतले, काचेच्या बरणीत घातले आणि तोंडाला मलमल बांधली. दुसऱ्या बरणीत तीन सिगार, जे मी सासऱ्यांना दिले होते आणि शिरपूरला त्यांच्या कपाटात होते. खोली एकच, फळी एकच. तेविसाव्या दिवशी धन्याच्या बरणीत मलमलीच्या आतल्या बाजूला चार भुंगेरे चिकटलेले. एकतिसाव्या दिवशी सतरा. सिगारच्या बरणीत तीन महिन्यांत एकही नाही. दादा म्हणाला, हा किडा वेगळा असेल. मी माझ्या पेटीतला एक आणि धन्यातला एक शेजारी शेजारी कागदावर ठेवले आणि भिंग त्याच्या हातात दिलं. त्याने घेतलं नाही.

तर फ्रीजर. एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर विसंबू नका, मी तिथेच फसलो. आत थर्मामीटर ठेवून बघितलं तर उणे ८. महिन्याभराने पुन्हा भोकं. निदान उणे १८ पाहिजे, म्हणजे दोनदारी फ्रीजचा वरचा कप्पा नाहीतर डीप फ्रीझर. माझा एक मित्र जुन्या आग्रा रोडजवळ आइस्क्रीम विकतो, त्याच्या फ्रीझरचा काटा उणे २० ला असतो. सिगार झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. किमान तीन दिवस, मी पाच ठेवतो. आणि मोजणी सलग धरायची. मध्ये चार-सहा तास लाइट गेली तर पहिल्यापासून. आपल्याकडे मे महिन्यात लाइटचा भरवसा कोणी द्यावा? म्हणून हे काम दिवाळीनंतर केलेलं बरं, पण तुमच्याकडे भोकं पडलीत, तुम्ही थांबू नका.

पेटी रिकामी करून कोपरे व्हॅक्यूमने ओढा, कोरड्या फडक्याने पुसा. फवारा मारू नका, डांबरगोळ्या ठेवू नका. तंबाखू कोणताही वास धरून ठेवते आणि तो पुन्हा सोडत नाही. पाल्याचंही तेच, शिवाय हिरव्या पाल्याने पेटीत बुरशी येईल. दादाचा उपाय होता ऊन दाखवणं. मसाल्याला तो उत्तम आहे, सिगारला नाही. एका दुपारीत वरचं पान तडकतं. एकदा का नग स्वच्छ झाले की २० अंशांच्या खाली ठेवा, ओलावा ६५ टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नका. मी एका छोट्या जुन्या फ्रीजला बाहेरून थर्मोस्टॅट लावून तो १८ वर ठेवलाय, आत बोवेदा कंपनीची, ओलावा ६५ टक्क्यांवर राखणारी पाकिटं. कूलरच्या खोलीत पेटी ठेवणारे लोक मी बघितलेत. गारव्याबरोबर दमट हवाही पेटीला देतात आणि मग किडे कुठून आले म्हणून विचारतात.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगतो. दादाने मला धान्याच्या कोठीत टाकतात ती गोळी पेटीत ठेवायला सांगितली होती. आणूनही दिली होती, कागदात गुंडाळून, शर्टाच्या खिशातून. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी आहे. हवेतला ओलावा लागला की फॉस्फीन वायू सोडते, त्यावर उतारा नाही, आणि सिगारची पेटी म्हणजे मुद्दाम ओलसर ठेवलेली जागा. माणसं झोपतात त्या घरात ती गोळी उघडायची नाही, पेटीत नाही, धन्यात नाही, कशातच नाही. आमच्यात या गोळीवरून जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. तुमच्या सासऱ्यांनी उद्या ती आणली तर नाही म्हणा. मोठे आहेत म्हणून गप्प बसू नका.

बाकी राहिलेलं: बहुतेक मोठे कारखाने माल पाठवण्याआधी गोठवतात, तरी नवीन आलेला नग जुन्यांत सरळ मिसळू नका. फ्रीझरमधून काढलेली पिशवी लगेच उघडायची नाही, एक दिवस साध्या फ्रीजमध्ये, मग एक दिवस खोलीत, मग उघडा, नाहीतर पाणी धरतं आणि पान फाटतं. तंबाखू तब्येतीला वाईटच, ते मी इथे सांगून तुम्हाला नवीन कळणार नाही.

आणि धने-मिरचीचं पोतं पेटीच्या खोलीत नको, ते कोणीही आणलेलं असो. यंदाच्या आखाजीला दादाने पुन्हा धने आणले. मी त्याच्या देखत पोतं गच्चीवर नेलं आणि पत्र्यावर पातळ पसरलं. दुपारी दोनला पत्र्याला हात लावता येत नव्हता. थोड्या वेळात भुंगेरे धन्यांतून निघून कडेच्या सावलीकडे सरकायला लागले, दहा, वीस, मग मोजणं सोडलं. दादा जिन्याच्या दारात उभा होता. तो खाली गेला, झाडू घेऊन आला आणि स्वतः ते गोळा केले. त्या दिवशी घरात चिरुटाचं नाव निघालं नाही.