जिप्सीची पुढची चाकं 60 ला नाचतात, नवा डॅम्पर टाकूनही: आधी काय तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2006 ची जिप्सी किंग. मागच्या मालकाने 215/75 आर15 टायर आणि पुढे लांब शॅकल (स्प्रिंगचा पाटा चॅसीला जोडणारी झुलती पट्टी) टाकलेत. 60-65 ला स्टेअरिंग थरथरतं, आणि त्याच वेळी खड्डा किंवा रम्बलर लागला तर चाकं नाचायला लागतात, 30 च्या खाली येईपर्यंत थांबत नाहीत. अलाइनमेंट-बॅलन्सिंग दोनदा झालं, स्टेअरिंग डॅम्पर नवा टाकला, महिनाभर बरं गेलं आणि पुन्हा तेच. आता मेकॅनिक म्हणतोय की स्टेअरिंग बॉक्स बदला.

बॉक्स सध्या बदलू नका. महिनाभर बरं वाटलं यातच निम्मं निदान आहे. डॅम्पर थरथर शोषून घेतो, ती जिथून निघते ती जागा दुरुस्त करत नाही. पुढचा भाग घट्ट असलेली जिप्सी डॅम्पर काढूनही सरळ चालते. ढिलाई असेल तर नवा डॅम्पर काही दिवस ती झाकतो आणि रोजचा मार खाऊन स्वतःच लवकर जातो.

तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी एकत्र लिहिल्या आहेत, त्या आधी सुट्या करून घ्या. ठरावीक वेगाला येणारी आणि वेग बदलला की विरणारी थरथर बहुतेक वेळा चाक-टायरची असते. खड्ड्याने सुरू होऊन आपली आपण वाढत जाणारं नाचणं ढिलाईचं असतं. जिप्सीला पुढे अखंड अॅक्सल आहे, दोन्ही चाकं एकाच टाय रॉडने बांधलेली. एक चाक हललं की दुसरं हलणारच. तुमच्या टायरचा व्यास सुमारे 70 सेंटिमीटर, म्हणजे 60 च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण साडेसात फेऱ्या मारतं. पुढच्या अॅक्सलची स्वतःची डोलण्याची लयही त्याच्याच आसपास असते. टायर जरासा धक्का देत राहतो, ढिला सांधा त्याला वाव देतो, आणि दोघांची लय जुळली की चाकं नाचू लागतात. म्हणून नुसतं बॅलन्सिंग केलं की थोडं कमी होतं, पण जात नाही.

जंगल सफारीतून निवृत्त झालेल्या गाड्या घेणाऱ्यांना हे हमखास भेटतं. ताडोब्याच्या कच्च्या वाटांवर गाडी 20-30 च्या वर जातच नाही, त्यामुळे दोष वर्षानुवर्षं झोपलेला असतो. पहिल्यांदा हायवेला लागली की जागा होतो.

नवा पार्ट घेण्याआधी अर्धा तास तपासणीला द्या. एक मदतनीस लागेल. गाडी सपाट जमिनीवर, चाकं खाली टेकलेली, इंजिन बंद. मदतनीसाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे दोन-तीन इंच झपझप हलवत राहायचं आणि तुम्ही खाली झोपून एकेक सांध्यावर बोट ठेवायचं: पिटमन आर्म (स्टेअरिंग बॉक्सला लागलेला दांडा), ड्रॅग लिंकची (त्या आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) दोन्ही टोकं, टाय रॉडची दोन्ही टोकं, डॅम्परचे बुश. एक भाग हलला आणि त्याला जोडलेला भाग क्षणभर उशिरा हलला, तर तो सांधा गेला. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. स्टेअरिंग बॉक्स ज्या बोल्टांनी चॅसीला बसतो तिथेही बघा. पूर्ण बॉक्सच चॅसीवर हलताना दिसला तर बोल्ट सैल आहेत किंवा चॅसीला चीर गेली आहे, आणि तसं असेल तर नव्या बॉक्सनेही काही होणार नाही. स्टेअरिंगच्या कडेवर मोजलेली मोकळी हालचाल 10 ते 30 मिमी चालते. म्हणजे थोडी ढिलाई या गाडीत कंपनीनेच धरली आहे, तेवढ्यावरून बॉक्सला दोष देता येत नाही. बॉक्सवरचा अॅडजस्टिंग स्क्रू आवळून बरं वाटतं, पण जास्त आवळला तर वळणानंतर स्टेअरिंग सरळ परत येत नाही आणि आतले दाते झिजतात.

आता जॅक लावा, तोही अॅक्सलखाली, आणि खाली स्टँड द्या. टायर जेमतेम उचलला की वर-खाली, म्हणजे घड्याळाच्या 12 आणि 6 वर धरून हलवा. टकटक जाणवली तर मदतनीसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन बेअरिंग (किंगपिन म्हणजे ज्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती). ही एक युक्ती लक्षात ठेवली तर चुकीचं बेअरिंग बदलायचा खर्च वाचतो. मग 3 आणि 9 वर धरून हलवा. तिथला खेळ बहुधा टाय रॉड एंडचा असतो.

व्हील बेअरिंग ढिलं निघालं तर हबचं लॉक वॉशर उघडून आतला नट चाक फिरवत फिरवत आवळा, मग किंचित सैल करा. खेळ नाही आणि चाक मोकळं फिरतंय, अशा जागी थांबायचं. बाहेरचा नट घट्ट करून वॉशरची जीभ दुमडा आणि पुन्हा हलवून बघा, कारण बाहेरचा नट आवळताना आतला सरकतो.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय किंगपिनवर आहे. गंमत म्हणजे किंगपिनमध्ये हाताला जाणवणारा खेळ नसतानाही चाकं नाचू शकतात. तिथे वर एक आणि खाली एक टेपर बेअरिंग असतं. ते नुसतं बिनखेळ असून भागत नाही, ठरावीक दाबाखाली बसलेलं असावं लागतं. त्या दाबामुळे नकल (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) वळताना थोडी अडते, आणि हीच अडण नाचणं वाढू देत नाही. बेअरिंग झिजलं की दाब जातो. बाहेरच्या गोल भागावरचं नकल सील आणि त्याचा फेल्टही अशीच अडण देतात. जुनं सील वाळून सैल झालं की तीही जाते. नवं सील टाकल्यावर गाडी बरी वाटते ती यामुळेच, पण बेअरिंग तसंच असेल तर तोही डॅम्परसारखाच तात्पुरता इलाज.

मोजायचं असं. चाक काढा, ब्रेकचं कॅलिपर तारेने टांगा, होजवर लटकू देऊ नका. टाय रॉड आणि ड्रॅग लिंक नकलपासून सोडवा. कॉटर पिन काढून नट वरच्या आट्यांपर्यंत सैल करा आणि आर्मच्या कडेवर हातोडीचा एक कडक टोला द्या, आट्यांवर कधीच नाही. सीलची गोल पट्टी बोल्ट काढून मागे सरकवा, कारण सीलची अडण मापात यायला नको. आता नकलच्या आर्मवर टाय रॉड बसतो त्या भोकात ताणकाटा अडकवा. रद्दीवाल्याकडे असतो तसा हूकचा, पण 5 किलोचा. आर्मशी काटकोनात ओढा. नकल 1 ते 1.8 किलोच्या ओढीला हलायला हवी. नुसत्या बोटाने फिरत असेल तर तुमचा दोष सापडला.

ओढ कमी असेल तर किंगपिनखालची शिम (पातळ पत्र्याची चकती) काढायची. 0.1 मिमीची एक वरून, तेवढीच एक खालून, म्हणजे नकल मध्यावरच राहते. प्रत्येक वेळी बोल्ट 20 ते 30 न्यूटन-मीटरला आवळून पुन्हा मोजा. वरचा आणि खालचा किंगपिन आणि त्यांच्या शिम वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, अदलाबदल नको. पण शिम काढण्याआधी नकल हाताने सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. सरळ जागी आल्यावर खाचेत बसल्यासारखी अडकत असेल, तर रोलरांनी कपात (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात) खळगे पाडलेत. अशा बेअरिंगला शिमने कितीही दाबा, उपयोग नाही. कपासकट चारही बेअरिंगं आणि दोन्ही बाजूंची सील एकदमच बदला. एका बाजूचंच केलं तर दुसऱ्या बाजूसाठी तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. कप ठोकताना जुना कप उलटा धरून त्यावर ठोका, नव्याच्या कडेवर हातोडी पडू देऊ नका.

हे झालं की टायर. जॅकवर चाक फिरवत एखादा खडू स्थिर धरून टायरच्या मध्यापाशी न्या. एका जागी खडू लागतो आणि दुसरीकडे 2 मिमीपेक्षा जास्त फट राहते, तर टायर किंवा डिस्क (चाकाची रिम) गोल नाही. बॅलन्सिंग मशीन अशा चाकालाही शून्य दाखवतं, कारण ते वजन बघतं, आकार नाही. डिस्कच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल आधी खरवडून काढा, पावसाळ्यानंतर अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून एकदा चालवा. थरथर स्टेअरिंगमधून सीटखाली गेली तर चाकं दोषी. दुसऱ्या गाडीच्या डिस्क किंवा स्पेसर असतील तर नटांची बैठक तपासा: निमुळत्या नटाला निमुळतीच बैठक लागते. हवाही बघा. पंपावरचा पोरगा विचारल्याशिवाय 35 भरतो, आणि टनभर वजनाच्या या गाडीला ती फार होते. पुस्तिकेतला आकडा सांगून भरून घ्या.

लांब शॅकलचा भाग राहिला. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांबवलं की पाट्याचं पुढचं टोक चॅसीपासून खाली जातं, अॅक्सल फिरतो आणि किंगपिनचा माथा पुढे झुकतो. म्हणजे कास्टर (किंगपिनचा माथा मागे झुकलेला असतो तो कोन) कमी होतो. कंपनीचा कास्टर साधारण साडेतीन अंश. तो घटला की वळणानंतर स्टेअरिंग परत येत नाही आणि गाडी हायवेवर भरकटते. अलाइनमेंटवाले फक्त टो (चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलीत ते) लावून देतात, कास्टरचं माप वेगळं मागून घ्या. कमी निघाला तर पाटा आणि अॅक्सलच्या मध्ये पाचर टाकतात. मूळ रचनेत पाटा अॅक्सलच्या खाली आहे, म्हणून पाचरीची जाड बाजू पुढे. कोणी पाटे अॅक्सलच्या वर नेले असतील तर उलट, जाड बाजू मागे. दोन-तीन अंशांपलीकडे जाऊ नका, कारण त्याच फिरण्याने पिनियन (अॅक्सलचं शाफ्टला जोडलेलं टोक) खाली झुकतो आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) ताण येतो. माझं विचाराल तर जुनी शॅकल परत बसवणं सगळ्यात स्वस्त.

टो-इन 2 ते 6 मिमी, रेडियल टायरला 2-3 पुरे. टो-आउट असेल तर नाचणं हमखास वाढतं. अॅक्सलच्या उंचीवर टायरच्या मध्यरेषा पुढून आणि मागून मोजा. पुढचं माप कमी हवं. टो टाय रॉडने लावायचा आणि स्टेअरिंग सरळ करायचं ते ड्रॅग लिंकने. बरेच जण यात गल्लत करतात.

पाट्यांचे बुश पहारीने दाबून बघा, यू-बोल्ट आवळा. पुढच्या आणि मागच्या हबमधलं अंतर दोन्ही बाजूंना मोजा: व्हीलबेस 2375 मिमी आहे, आणि दोन बाजूंत 5-6 मिमीहून जास्त फरक आला तर सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल सरकलाय.

इतकं करूनही थरथर उरली आणि ती स्टेअरिंगपेक्षा फ्लोअरमध्ये जास्त जाणवत असेल, तर खूण करून पुढचा प्रोपेलर शाफ्ट उतरवा आणि टू-व्हीलमध्ये चालवून बघा. गेली तर शाफ्ट किंवा त्याचा क्रॉस. नाही गेली आणि न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीला इंजिनच्या फेऱ्या वाढवल्यावरही येते, तर इंजिनचे माउंट. चालत्या गाडीत फक्त अॅक्सिलरेटर दाबताना येत असेल तर ट्रान्सफर केसचे रबर माउंट आणि मधला छोटा शाफ्ट. फक्त ब्रेक मारताना येणारी थरथर ब्रेक डिस्कची, तिचा वरच्या कशाशी संबंध नाही.

तोवर गाडी चालवताना चाकं नाचलीच तर जोरात ब्रेक मारू नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग घट्ट पण ताठ नाही असं धरा आणि अंगठे आतल्या दांड्यांच्या बाहेर ठेवा, नाहीतर उलट झटक्याने मुरगळतात. ताणकाट्यावर दोन्ही बाजूंना किती ओढ आली आणि ब्रेक दाबून खेळ राहिला की गेला, एवढं खाली लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.