ताप नाही, तरी खाडा

"अंगात ताप नाही, तपासण्या स्वच्छ आहेत, मग हे कामावर का जात नाहीत?" असा प्रश्न बेळगावच्या उद्यमबागेतील कामगारांच्या घरची माणसे मला अलीकडे वारंवार विचारतात. पूर्वी इकडच्या खाड्यांची कारणे सर्वांना ठाऊक असत: खानापूरकडची भातलावण, सुगी, सौंदत्तीची यात्रा, लग्नसराई. आता झोप न लागणे, धडधड, अपमानाची धास्ती ही कारणेही आली आहेत. परंतु ती रजेच्या अर्जावर लिहिण्याचा संकोच वाटत असल्यामुळे तेथे 'पोटदुखी' एवढेच लिहिले जाते.

खानापूर तालुक्यातील एक मशीन ऑपरेटर (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) पत्नीसह आले होते. नवरा आळशी झाला आहे, असे पत्नीचे मत होते. मला ते पटले नाही, कारण खाड्याच्या दिवशी ते जेवतही नसत.

"पोट कधी दुखायला लागतं?"

"पहाटे, उठल्या उठल्या."

"आणि थांबतं कधी?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सहाची बस गेली की थांबतंय, मॅडम."

"म्हणजे नाटकच की!" पत्नी म्हणाली. मी तिला थांबवले. दुखणे खरेच होते. भीतीने पोटात कळ येते आणि बस चुकली की भीती ओसरते. ही सुटका तासाभराची असते, पण तीच दुसऱ्या पहाटेची भीती वाढवते. हे दोघांना उमगले, तिथून उपचाराला खरी दिशा मिळाली, असे मी मानते.

भीतीचे मूळ पुढे कळले. बोअर (आतले भोक) मापापेक्षा मोठा झालेला एक जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, सुपरवायझरने सर्वांसमोर टेबलावर मांडून ठेवला होता आणि तेव्हापासून मायक्रोमीटर हे मापाचे साधन धरताना यांचा हात थरथरत असे.

"एक जॉब स्क्रॅप गेला, म्हणजे काय झालं?"

"माझी किंमत गेली."

"आणि आजवर ओके गेलेले जॉब?"

"ते... ते कोण मोजतंय?" असे म्हणताना त्यांना हसू आले आणि पाठोपाठ डोळे भरून आले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या विचारपद्धतीवर माझा विश्वास अशा क्षणी दृढ होतो: माणसाला घटनेपेक्षा तिच्यावरून त्याने स्वतःविषयी काढलेला निष्कर्ष अधिक छळतो.

अशा वेळी आधी डॉक्टरांकडून शारीरिक आजार नाही याची खात्री करावी. त्यानंतर पूर्ण रजा टाकण्याऐवजी अर्धा दिवस तरी कामावर जावे आणि घरच्यांनी "का गेला नाहीस?" याऐवजी "तिथं गेल्यावर काय होईल असं वाटतं?" असे विचारावे. मात्र चारचौघांत पाणउतारा करण्याची रीत कारखान्यानेच बदलली पाहिजे. ते ओझे कामगाराच्या मनावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. आजार प्रमाणित झाल्यास ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) पात्र कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. रात्री-अपरात्री मन फारच घाबरे झाले, तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.