इंग्लंडमधल्या एकाच जुन्या हवेलीत इतक्या वेगवेगळ्या शैली कशा काय दिसतात?

कारण ती एका दमात बांधलेलीच नसते. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण विल्टशरमधल्या लेकॉक ॲबीचं.

1232 साली सॅलिसबरीची काउंटेस एला हिने इथे नन्सचा मठ स्थापन केला. आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले, तेव्हा 1539 मध्ये हाही बंद झाला आणि विल्यम शॅरिंग्टनने तो विकत घेतला. त्याने चर्च पाडलं, पण चौकाभोवतीच्या कमानदार ओवऱ्यांना हात लावला नाही. राहायच्या खोल्या केल्या त्या वरच्या मजल्यावर. म्हणून आजही खाली मठ आणि वर घर! कोपऱ्यातला अष्टकोनी मनोराही त्याचाच. आतली दगडी मेजंसुद्धा आठ बाजूंची.

1750 च्या दशकात वास्तुरचनाकार सँडरसन मिलरने मोठा दिवाणखाना नव्याने बांधला, तोही मुद्दाम जुन्या गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन टोकदार कमानींच्या वळणाचा. त्यामुळे तो मठाच्याच काळातला वाटतो, फसू नका.

पुढे घराचा मालक आणि छायाचित्रणाचा एक जनक फॉक्स टॅल्बट याने दक्षिणेच्या दालनाला भिंतीबाहेर काढलेल्या खिडक्या बसवल्या. त्यातल्याच एका खिडकीचं त्याने ऑगस्ट 1835 मध्ये घेतलेलं छायाचित्र म्हणजे आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह. कागद जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढा, पण भिंगातून पाहिलं तर काचेचे सुमारे 200 तुकडे मोजता येत होते, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय.

1944 पासून वास्तू नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे आहे. गेलात तर आधी ओवऱ्या पाहा, मग जिना चढा.